मदत हवी आहे : फणसाडला शेकरू दिसेल असा बेत कसा आखू?

नमस्कार मंडळी. आम्ही अलिबागकर, फणसाड अभयारण्य तसं उंबरठ्यावरच. तरी शेकरू, म्हणजे झाडावरची ती मोठी खार, अजून धड पाहिलेलं नाही, हे सांगायलाही लाज वाटते.

गेल्या वर्षी गेलो तेव्हा नाश्ता, डबे, पोरांची आंघोळ यात सुपेगावच्या फाटकाशी पोचायला अकरा वाजले. व्हायचं तेच झालं. उन्हाच्या वेळी शेकरू फांदीवर पसरून झोपा काढतं, हे नंतर कळलं. घरटी मात्र तीन दिसली, उंच झाडांच्या शेंड्याला काटक्यापानांचे गोळे. एकाच शेकरूची अशी चार-पाच घरटी असतात म्हणे. निघताना डोक्यावर खडखडाट झाला, कुरतडलेलं फळ भाच्याच्या पायाशी पडलं आणि वर पाहीपर्यंत फक्त तांबूस झुपकेदार शेपूट! तेव्हापासून त्याने "राज्यप्राणी कधी दाखवणार?" म्हणून डोकं खाल्लंय.

आता डिसेंबरात पुन्हा जायचंय. सोबत भाचा आणि बाबा. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सपाटीवर कोसभर चालतात, चढ नको. सकाळी फाटक किती वाजता उघडतं? गाडी आत कुठवर जाते? पाणवठ्यांपैकी बाबांना झेपेल असा कुठला? गावातला वाटाड्या आदल्या दिवशी सांगावा लागतो का?

गिधाडं दिसली तर बाबा खूश, त्यांच्या लहानपणी ती ढिगानं असायची. अलीकडे कुणी गेलं असेल तर कृपया सांगा. "नशिबात असेल तर दिसेल" हे ऐकून झालंय!