मदत हवी आहे: क्विझची उत्तरे कशीही दिली तरी एकच कॉफी सुचवली जाते

कडक_डिकॉक्शन
नमस्कार. आमच्या ऑनलाइन दुकानात चिकमगळूर आणि कूर्गची कॉफी विकली जाते. ग्राहकाला साजेशी कॉफी सुचवण्यासाठी चार प्रश्नांची क्विझ लावली आहे. परंतु उत्तरे कशीही दिली तरी बहुतेक वेळा हाऊस ब्लेंडच (दुकानाचे स्वतःचे मिश्रण) समोर येते, आणि चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड) नको असे स्पष्ट सांगणाऱ्या काही ग्राहकांना चक्क चिकोरीमिश्रित पूड सुचवली गेली आहे. क्विझच्या ॲपच्या मदत विभागाकडून ‘सेटिंग तपासा’ यापलीकडे उत्तर येत नाही. दिवाळीच्या सवलती तोंडावर आल्या आहेत, तेव्हा नेमके कोणते सेटिंग बदलायचे एवढेच कृपया सांगावे.

नीलांबरी
ऑनलाइन दुकान चालवण्याच्या सेवांपैकी तुमचे दुकान शॉपिफायवर आहे की वूकॉमर्सवर? प्रश्न कोणते, कॉफीचे प्रकार किती, आणि उत्तराची वस्तूशी सांगड टॅगने (वस्तूला लावलेल्या खुणेच्या शब्दाने) घातली आहे की प्रत्येक उत्तरासाठी वस्तू हाताने निवडली आहे? यांपैकी काहीही न सांगता सेटिंगचे नाव विचारले, तर कोणी काय सांगावे?

गावठी_उद्योजक
माझा अनुभव असा आहे की क्विझच्या नादी लागूच नये. मी मसाले विकतो. पानावर व्हॉट्सॲपचे बटण दिले आहे आणि ग्राहक थेट विचारतो. शंका फिटते, ओळखही होते.

कडक_डिकॉक्शन
रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपवर उत्तरे देणे आम्हाला शक्य नाही, म्हणूनच क्विझ लावली. दुकान शॉपिफायवर आहे आणि कॉफीचे प्रकार सहा आहेत. प्रश्न असे: कॉफी कशात करता (दाक्षिणात्य फिल्टर, फ्रेंच प्रेस, मोका पॉट, एस्प्रेसो मशीन), दूध घालता की नाही, चव कशी हवी (आंबटसर, चॉकलेटी, कडक), आणि चिकोरी चालेल का. उत्तर वस्तूच्या टॅगशी जुळले की त्या वस्तूला एक गुण मिळतो आणि सर्वाधिक गुणांची वस्तू दाखवली जाते. यात चुकण्यासारखे काय आहे?

गणिताचे_मास्तर
हाऊस ब्लेंडला कोणते टॅग आहेत, आणि गुण समान झाल्यास ॲप काय करते?

कडक_डिकॉक्शन
ते सर्वांना चालणारे ब्लेंड असल्यामुळे त्याला चारही साधनांचे, दूध आणि बिनदूध दोन्हींचे, आंबटसर आणि चॉकलेटी चवींचे, आणि ‘चिकोरी नाही’ हेही टॅग आहेत. गुण समान झाल्यास यादीत वर असलेली वस्तू दाखवली जाते. स्टॉक संपलेल्या वस्तू ॲप आपोआप वगळते; सध्या गडद भाजणीची, बिनचिकोरीची कॉफी संपलेली आहे.

गणिताचे_मास्तर
मग दोन्ही कोडी सुटली. ज्या वस्तूला जवळपास सगळेच टॅग आहेत, ती बहुतेक वेळा पहिली येणारच. दुसरे, फिल्टर, दूध, कडक चव आणि चिकोरी नको असे उत्तर देणाऱ्याचा हिशेब करून पाहा: चिकोरीच्या पुडीला पहिले तीन गुण मिळतात, हाऊस ब्लेंडची चव जुळत नाही, म्हणून त्यालाही तीनच, खरी जुळणारी गडद कॉफी स्टॉकमध्ये नाही, आणि यादीत चिकोरीची पूड वर असली की तीच दिसते. चिकोरीला ग्राहकाने दिलेला नकार हा एका गुणाचा विषय नव्हे. त्या उत्तराने वस्तू आधी बादच व्हायला हवी, आणि उरलेल्यांमध्ये गुण मोजावेत. ॲपमध्ये उत्तरावरून वस्तू वगळण्याचा नियम असेल, तर तो तिथे लावा.

चिकोरीप्रेमी
चिकोरीला उगाच बदनाम करू नये. खाद्यसुरक्षा नियमांनुसार चिकोरीमिश्रित पुडीत किमान ५१ टक्के कॉफी असावीच लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावे लागते. दुधाच्या फिल्टर कॉफीला जो दाटपणा येतो तो चिकोरीमुळेही.

नीलांबरी
चिकोरीची बदनामी कोणी केलेली नाही. नको म्हणणाऱ्याला ती दाखवू नये, इतकाच मुद्दा आहे. मास्तरांशी मात्र मी अर्धीच सहमत आहे. चार, दोन, तीन आणि दोन पर्यायांची एकूण ४८ उत्तरे होतात. एवढ्यासाठी गुणांचा पसारा कशाला? एक्सेलमध्ये ४८ ओळी करून प्रत्येकीसमोर कॉफीचे नाव हाताने लिहावे.

गणिताचे_मास्तर
सातवी कॉफी आली की त्या ४८ ओळी पुन्हा कोण तपासणार? तक्ता जरूर करावा, पण नियमांची पडताळणी करण्यासाठी: प्रत्येक उत्तराला कोणती कॉफी येते ते लिहून कोणती किती वेळा येते हे मोजावे. एखादी एकदाही येत नसेल, तर तिचे टॅग तपासावेत.

नीलांबरी
कडक_डिकॉक्शन, बिया साधनानुसार दळून देता का? दळणाचे प्रकार व्हेरिएंट (एकाच वस्तूचे उपप्रकार) म्हणून ठेवले आहेत का? तसे असेल तर पहिल्या प्रश्नाला गुण देऊच नयेत. कॉफी तीच राहते, फक्त फ्रेंच प्रेससाठी जाडसर आणि एस्प्रेसोसाठी बारीक दळण लागते. तयार चिकोरीपूड तेवढी फिल्टरपुरती ठेवावी. शॉपिफायमध्ये वस्तूच्या दुव्याला व्हेरिएंटचा क्रमांक जोडला की योग्य दळण आधीच निवडलेले दिसते.

कडक_डिकॉक्शन
होय, दळण व्हेरिएंटमध्येच आहे. ते लिहिण्याची गरज वाटली नव्हती. साधनाचे गुण काढले, चिकोरी वगळण्याचा नियम लावला आणि हाऊस ब्लेंडला फक्त ‘दूध’ आणि ‘चॉकलेटी’ हे टॅग ठेवले. आता चिकोरीची तक्रार उरलेली नाही, परंतु दूध आणि कडक चव निवडून चिकोरी नको म्हणणाऱ्याला पुन्हा हाऊस ब्लेंडच येते, आणि ते कडक मुळीच नाही.

गणिताचे_मास्तर
गडद कॉफी येईपर्यंत तेच येणार, कारण उरलेल्यांमध्ये ते सर्वांत जवळचे आहे. चवीची अट सैल करता येते, चिकोरीची नाही. त्या निकालावर ‘आपल्या आवडीची गडद कॉफी सध्या संपली आहे’ असे स्पष्ट लिहा आणि ती आल्यावर कळवण्याची सोय त्याच पानावर द्या.

गावठी_उद्योजक
आणि त्या पानावर व्हॉट्सॲपचे बटणही द्या.