रेसिंगमधून काय शिकावे: न थांबणे की वेळेवर थांबणे?

चौथा_गिअर (प्रश्न)

आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थी फॉर्म्युला भारत स्पर्धेसाठी रेसिंग कार बांधत आहेत आणि चाचण्यांचे नियोजन माझ्याकडे आहे. गेल्या आठवड्यातील चाचणीत ब्रेकचे पेडल मऊ पडल्याचे आमच्या चालकाच्या लक्षात आले होते, तरीही ठरलेल्या सर्व फेऱ्या पूर्ण केल्याशिवाय तो आत आला नाही. गाडी उभी राहिल्यावर पाहिले, तर पुढच्या डाव्या रिमच्या आतल्या बाजूने ब्रेक ऑइलचे ओघळ आले होते. कॅलिपरला (चाकाजवळ ब्रेकची डिस्क दाबून धरणाऱ्या भागाला) पाइप जोडणारा बोल्ट सैल झाला होता. संघातील निम्म्या मुलांनी मात्र त्याची पाठ थोपटली, कारण खरा रेसर मध्येच थांबत नसतो, अशी त्यांची पक्की समजूत आहे. मला त्या गळतीपेक्षा या समजुतीची अधिक काळजी वाटते. रेसिंगचा इतिहास खरोखर हेच शिकवतो का? जाणकारांनी उदाहरणांसह लिहावे, ही विनंती.

जुना_ट्रॅक

या मुलांना फॉर्म्युला वनचा विश्वविजेता चालक नीकी लाउडा याचे १९७६ हे वर्ष सविस्तर सांगा. १ ऑगस्टला न्यूर्बर्गरिंगवर जर्मन ग्रां प्री होती. तो ट्रॅक जवळपास २३ किलोमीटर लांबीचा असल्यामुळे सर्वत्र मदत वेळेत पोहोचणे अशक्य आहे, असे सांगून लाउडाने ती शर्यत होऊ नये असा आग्रह धरला होता. पण चालकांचे बहुमत त्याच्या विरोधात गेले आणि तो शर्यतीत उतरला. दुसऱ्याच फेरीत त्याची फेरारी आदळून पेटली आणि त्याला ज्वाळांमधून बाहेर काढले ते मागून आलेल्या इतर चालकांनी. रुग्णालयात धर्मगुरूने त्याच्यावर अंतिम संस्कारही केले होते. असा माणूस केवळ दोन शर्यती चुकवून, सहा आठवड्यांत मोंझा येथे परतला आणि चौथा आला. लाउडाची गोष्ट सहसा येथवरच सांगितली जाते, आणि येथे थांबल्यास तुमच्या मुलांची समजूत खरीच वाटेल.

परंतु त्या हंगामाची शेवटची शर्यत २४ ऑक्टोबरला जपानमधील फुजी येथे झाली. विजेतेपदाच्या गुणतालिकेत लाउडा प्रतिस्पर्धी जेम्स हंटपेक्षा तीन गुणांनी पुढे होता. पाऊस इतका होता की पुढच्या गाडीने उडवलेल्या पाण्यात काहीच दिसत नव्हते, आणि भाजल्यामुळे लाउडाच्या पापण्याही नीट मिटत नव्हत्या. दोन फेऱ्यांनंतर त्याने गाडी आत आणली आणि तो उतरला. पुढे पाऊस ओसरला, हंट तिसरा आला आणि ६९ विरुद्ध ६८ अशा एका गुणाने विश्वविजेता ठरला. नंतर ट्रॅक वाळला म्हणून लाउडाचा निर्णय चुकला, असे मला मुळीच वाटत नाही. निर्णयाची पारख तो घेताना समोर काय दिसत होते, यावरून व्हायला हवी. पुढच्याच वर्षी तो पुन्हा विश्वविजेता झाला. १९८४ मध्ये त्याचा संघसहकारी अलँ प्रॉस्टने सात आणि लाउडाने पाच शर्यती जिंकल्या होत्या, तरीही विजेतेपद अर्ध्या गुणाने लाउडाकडे आले.

पाना_दहा_बारा

वरील प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे, पण पावसाचे उदाहरण येथे पूर्णपणे लागू पडत नाही. १९९३ मध्ये डॉनिंग्टन येथे ओल्या ट्रॅकवर फॉर्म्युला वन चालक आयर्टन सेना सुरुवातीला पाचव्या स्थानावर घसरला आणि पहिली फेरी संपण्यापूर्वी सर्वांच्या पुढे होता. तेही रेसिंगच आहे, आणि विद्यार्थ्यांना त्याचे आकर्षण वाटणे गैर नाही. ओल्या ट्रॅकवर पकड किती आहे, हे चालकाला हाताला आणि पायाला कळत राहते, आणि त्याचे कौशल्य तेथे उपयोगी पडते. मऊ पडलेल्या पेडलबाबत तसे नसते. ते पुढच्या वळणावर लागेल की थेट तळाला जाईल, हे जगातील सर्वोत्तम चालकही सांगू शकत नाही. तेथे पुढे जाण्याला धाडस म्हणणे मला मान्य नाही.

म्हणूनच काळ्या झेंड्यावरील नारिंगी गोल दाखवला की बिघाड झालेल्या गाडीला पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागेत, यावेच लागते. ते चालकाच्या मर्जीवर सोडलेले नाही. मात्र झेंडा दाखवणाऱ्याला धूर दिसतो, गळती दिसते, पेडल मऊ पडलेले दिसत नाही. ते फक्त चालकाच्या पायाला कळते.

चौथा_गिअर

दोघांचेही मनापासून आभार. काल चालकाशी निवांत बोललो. शौर्य गाजवावे असे त्याच्या मनातही नव्हते. ट्रॅक भाड्याने घेतलेला होता, संध्याकाळ होत आली होती, आणि आपण आत गेलो तर दिवसभराची चाचणी वाया गेल्याचा ठपका आपल्यावर येईल, ही धास्ती त्याला होती.

जुना_ट्रॅक

मग त्याच्याआधी संघाशी बोला. फुजीला लाउडा उतरला, तेव्हा फेरारीचे तंत्रप्रमुख माउरो फोर्गिएरी यांनी इंजिनात बिघाड झाल्याचे जाहीर करण्याची तयारी दाखवली होती. हेतू चांगलाच होता, पण लाउडाने नकार दिला आणि खरे कारण सांगितले. तुमच्या चालकाला खरे कारण सांगता येईल असे वातावरण पाठ थोपटणाऱ्या त्या निम्म्या मुलांनीच तयार करायचे आहे, आणि ते काम स्पर्धेपूर्वी झाले पाहिजे.

पाना_दहा_बारा

त्यासाठी एक ठरवून टाका. रेडिओवर "पेडल मऊ" एवढे दोन शब्द आले की गाडी त्याच फेरीत आत येईल, आणि कारण विचारायचे ते गाडी उभी राहिल्यावरच. स्पर्धेतील २२ किलोमीटरच्या एन्ड्युरन्समध्ये, म्हणजे लांब पल्ल्याच्या फेरीत, मध्यावर चालक बदलतो. त्यामुळे दुसऱ्या चालकाकडूनही याचा सराव करून घ्या. बोल्टाबद्दलही सांगतो: तो नुसता आवळून सोडू नका. दोन्ही बाजूंचे वॉशर नवे घाला, टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळा, ब्रेकमधील हवा काढा आणि बोल्टावरून कॅलिपरपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढा. बोल्ट किंचित जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसते आणि गाडी ट्रॅकवर जाण्यापूर्वीच ते लक्षात येते.