शब्दचर्चा : वैताग, गाऱ्हाणं, नाद आणि दळण

(बोलणारे सोलापूरचे. प्रत्येकाच्या बोलण्यावर नावाऐवजी त्याच्या भागाचं नाव आहे.)

साखर पेठ

लांबच्या दोस्तांशी फोनवर लिहून गप्पा चालतात तेव्हा बोलणं फिरून फिरून दोन ठिकाणी येतं. एक, आवडलेला पिच्चर, सिरीज, गाणं किंवा खेळाडू. दुसरं, दिवसभरात झालेला डोक्याला ताप. पहिल्याला सगळे 'फॅनगिरी' म्हणतात, दुसऱ्याला 'व्हेंट करणं'. मराठीत शब्द कमी आहेत म्हणून असं होतं, हे मला पटत नाही. शब्द भरपूर आहेत, पण कोणता कुठं बसतो ते ठरत नाही. 'मन मोकळं केलं', 'गाऱ्हाणं मांडलं', 'भडास काढली', 'रडगाणं गायलं' हे एकमेकांच्या जागी चालतात का? आणि हल्ली 'वाफ बाहेर काढली' असंही वाचायला मिळतं, ते बरोबर आहे का?

विजापूर रोड

वाफेचं आधी. मराठीत 'तोंडाची वाफ दवडणं' म्हणजे बोलणं वाया जाणं. 'अर्धा तास वाफ दवडली' असं लिहिलं की वाचणारा समजतो, कुणालातरी समजावलं आणि त्यानं ऐकलं नाही. लिहिणाऱ्याला मात्र सांगायचं असतं की बोलून बरं वाटलं. म्हणजे अर्थ नेमका उलटा पोचतो. वाफ इथं नकोच.

बाकीचे चार शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. ऐकणाऱ्याकडून काय हवंय, यावर त्यांच्यातला फरक ठरतो.

'मन मोकळं करणं' यात ऐकणाऱ्याकडून फक्त कान हवा असतो. उपाय नको, सल्ला नको. 'जीव हलका करणं' त्याच्याच शेजारचं, पण ते जड दुःखासाठी. बसमध्ये जागा मिळाली नाही म्हणून कुणी जीव हलका करत नाही.

'गाऱ्हाणं' मांडायचं ते ज्याच्या हातात काहीतरी आहे त्याच्यापुढं. गवळणींत गोपी कृष्णाचं गाऱ्हाणं यशोदेकडं नेतात, कारण त्याचा कान धरायचा अधिकार तिला आहे. कोकणात देवाला गाऱ्हाणं घालतात, तिथं तर शब्द प्रार्थनेपर्यंत जातो. पण धागा तोच: ऐकणाऱ्यानं काहीतरी करावं. म्हणून इंटरनेट बंद पडल्याचं 'गाऱ्हाणं' मित्राकडं मांडलं असं लिहिलं, तर मित्रानं ते दुरुस्त करावं असा वास येतो.

'भडास' हिंदीतून आलेली, आता रुळली. साठलेलं एकदम बाहेर येणं, आणि त्यात समोरचा भिजणं. 'त्याच्यावर भडास काढली' म्हणजे ज्याचा दोष नाही त्याच्यावरही निघू शकते. 'रडगाणं' हे नाव ऐकणारा देतो. सांगणाऱ्यानं स्वतःच्या बोलण्याला रडगाणं म्हटलं तर ते आधीच माफी मागितल्यासारखं होतं.

जुळे सोलापूर

यात 'तोंडसुख' आणि 'कागाळी' घाला. तोंडसुख कायम कुणावर तरी घेतात, 'वर' लागल्याशिवाय वाक्य पूर्ण होत नाही. त्यात सुख बोलणाऱ्याचं असतं, शब्दातच सांगितलंय. 'कागाळी' म्हणजे पाठीमागं, वरच्या माणसाकडं केलेली तक्रार. दोघा मित्रांच्या बोलण्यात तिसऱ्याची आली तर ती कागाळी नव्हे, त्याला 'उणीदुणी काढणं' म्हणायचं. आणि जिथं बोलण्यात विषच असतं तिथं 'गरळ ओकणं'. 'आज ऑफिसबद्दल जरा गरळ ओकतो' असं लिहिणारे दिसतात, त्यांनी हा शब्द परत ठेवावा. गरळ म्हणजे विष, आणि हा शब्द दुसऱ्याला दोष देताना वापरतात.

भवानी पेठ

माझ्या मते खरी गंमत जोडशब्दांत आहे. कटकट, चिडचिड, कुरकुर, किरकिर, पिरपिर, भुणभुण, धुसफूस, कुरबूर. बहुतेक आवाजातून आलेले, आणि सगळे वेगळे.

कटकट बाहेर असते, चिडचिड आत होते. व्याकरणानं तपासून बघा. 'आज माझी फार चिडचिड झाली' म्हणजे मी वैतागलो. 'आज माझी फार कटकट झाली' म्हणजे माझ्यामुळं दुसरे वैतागले. स्वतःचा त्रास सांगायचा असेल तर 'माझ्या मागं कटकट लागली' किंवा 'मला कटकट झाली' असं हवं. एका प्रत्ययानं गुन्हेगार बदलतो.

कुरकुर काम करता करता होते, काम थांबत नाही. नव्या चपलेची कुरकुर तशीच, चालणं चालूच असतं. किरकिर लहान पोराची, झोप आलेली असते पण झोपत नाही. पिरपिर पावसाची आणि माणसाचीही: जोर नसतो, पण थांबतही नाही. भुणभुण म्हणजे एकच मागणी कानाशी परत परत. 'ती सिरीज बघ, ती सिरीज बघ' हे जे मित्र लावतात त्याला भुणभुण म्हणावं, कटकट म्हटलं तर मित्र दुखावतो. धुसफूस आतल्या आत, बहुधा गटात, कुणी उघड बोलत नाही. कुरबूर दोन बाजूंची, उघड पण किरकोळ.

बाळीवेस

'वैतागणं' याचंही तसंच आहे. 'कामाला वैतागलो' म्हणजे कंटाळून गेलो. 'त्याच्यावर वैतागलो' म्हणजे त्याला बोललो. घाईत लिहिताना 'तुझ्यावर वैतागलो' असं जातं आणि म्हणायचं असतं 'तुझ्याजवळ वैताग बोललो'. पुढचे दोन दिवस अबोला.

'त्रागा' मात्र जपून. त्रागा करणारा स्वतःचंच नुकसान करून घेतो: फोन आपटतो, जेवण टाकतो, गट सोडून जातो. हा अर्थ जुना आहे. गुजरात-काठेवाडात भाट आणि चारण जामीन राहायचे. शब्द मोडला गेला तर ते स्वतःला जखम करून घ्यायचे, आणि त्या कृतीलाच त्रागा म्हणत. रागाचं टोक स्वतःकडं वळलेलं असेल तरच त्रागा. नुसतं रागावून चार ओळी लिहिल्या तर तो संताप.

साखर पेठ

हे उपयोगी आहे. आता रोजच्या तक्रारींतले शब्द. सोलापूरबाहेरच्यांना 'चार दिवसांआड पाणी' कळत नाही. ते 'दर चार दिवसांनी' असं वाचतात.

बाळीवेस

दोन्हींत पूर्ण एका दिवसाचा फरक आहे. 'दिवसाआड' म्हणजे मधे एक दिवस सोडून: सोमवार, बुधवार, शुक्रवार. 'चार दिवसांआड' म्हणजे मधले चार दिवस कोरडे, पाणी पाचव्या दिवशी. सोमवारी आलं तर पुढचं शनिवारी. 'दर चार दिवसांनी' म्हटलं तर सोमवारनंतर शुक्रवारी. साठवणाचा हिशेब ज्यांना रोज करावा लागतो त्यांच्यासाठी हा फरक एका बॅरलचा आहे. बाहेरच्या मित्राला 'सोमवारी आलं, आता शनिवारी' असंच लिहा, एका वाक्यात काम होतं.

उन्हाचंही असंच. 'उकडतंय' म्हटलं की मुंबई-रत्नागिरीकडच्याला घामाची चिकचिक डोळ्यासमोर येते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर असतो तेव्हा हवा कोरडी असते. त्याला 'रखरख' आणि अंगाला 'लाही लाही' हे शब्द नेमके. उकाडा वेगळा, तो पावसाआधी ढग दाटून येतात तेव्हाचा.

सात रस्ता

फॅनगिरीकडं वळू या. 'नाद' हा एकच शब्द घेतला तरी चार अर्थ पडतात. 'मला त्या गाण्याचा नाद लागलाय' यात काही वाईट नाही. 'मी त्या गाण्याच्या नादी लागलो' म्हणजे कामधाम बुडालं, पश्चात्ताप आला. 'त्याच्या नादाला लागू नको' म्हणजे त्याच्या वाटेला जाऊ नको. आणि 'नाद करायचा नाही' हे आव्हान. कोल्हापूरचा 'नादखुळा' ही तर शुद्ध वाहवा. पुण्याच्या मित्रानं 'मी तुझ्या नादी लागून ती सिरीज बघितली' असं लिहिलं तर तो तुमचे आभार मानत नाहीये.

'वेड' शेवटी जोडलं की मान मिळतो: नाटकवेडा, क्रिकेटवेडा, पुस्तकवेडा. 'नादखुळा' सोडला तर 'खूळ' जोडून असं होत नाही. 'त्याच्या डोक्यात खूळ शिरलंय' म्हणजे चार दिवसांत उतरेल. 'रसिक' ऐकून-बघून आनंद घेतो, 'दर्दी' त्याच्या पुढं जातो: त्याला कळतंही. मैफलीत कुठं दाद द्यायची आणि कुठं गप्प बसायचं, हे दर्दी माणसाला सांगावं लागत नाही. 'चाहता' माणसाचा असतो, नटाचा, गायकाचा, खेळाडूचा. 'मी या सिरीजचा चाहता' आता चालतं, पण 'मला ही सिरीज जाम आवडते' जास्त सरळ.

जुळे सोलापूर

'सैराट' हा शब्द याच जिल्ह्यातून सगळीकडं गेला असं म्हणायला हरकत नाही. मूळ अर्थ बेफाम, आवर न राहता सुटलेलं. 'जनावर सैराट सुटलं' असा. सैरावैराच्या कुळातला. २०१६ साली करमाळ्याच्या परिसरात चित्रित झालेला नागराज मंजुळे यांचा चित्रपट आला, त्यानंतर लोक तो प्रेमात पडलेल्यासाठी वापरू लागले. आता दोन्ही अर्थ चालू आहेत, वाक्यावरून कळतं.

होटगी रोड

लांबण लावलेल्या मालिकेबद्दल कुणी बोललं नाही. आपल्याकडं यासाठी स्वयंपाकघर आणि शेत दोन्ही राबलेत.

'पाणी घालणं': गोष्ट होती तेवढीच, भाग वाढवले. आमटीत पाणी घातल्यासारखं. हे करणाऱ्याला उद्देशून. 'दळण': तेच तेच परत. सासू, कट, गैरसमज, दवाखाना, परत कट. पाणी घालण्यात चव पातळ होते, दळणात जिन्नसच बदलत नाही. 'चऱ्हाट' म्हणजे दोर, वळत जाईल तेवढा लांब. ते सांगणाऱ्याच्या बोलण्याला लावायचं, मालिकेला फारसं नाही.

'गुऱ्हाळ' सगळ्यांत चुकीचं वापरलं जातं. लोक नुसत्या लांब गोष्टीला गुऱ्हाळ म्हणतात. गुऱ्हाळावर काय चालतं ते बघा. चरकातून रस निघतो, काहिलीत पडतो, खाली चुलवण पेटतं ठेवावं लागतं. वर येणारी मळी सारखी काढायची, रस ढवळत राहायचं, तासन् तास आटवायचं, आणि एक काहील उतरली की दुसरी चढते. माणसं भोवती उभी, काम चालू, थांबायची सोय नाही. म्हणून गुऱ्हाळ 'चर्चेचं' असतं, पुष्कळ माणसांचं. 'शेवट बरोबर होता की चूक यावर रात्री दोनपर्यंत गुऱ्हाळ चाललं' हे पक्कं वाक्य. एकट्या माणसाचं गुऱ्हाळ नसतं, त्याचं पाल्हाळ.

भवानी पेठ

'मालिका' आणि 'सिरीज' यांत आता फरक पडलाय, तो ठेवावा. मालिका रोज संध्याकाळी टीव्हीवर. सिरीज फोनवर, एकदम आठ-दहा भाग. 'सीझन'ला 'पर्व' छान बसतं, टीव्हीवाल्यांनी ते रुळवलंय. 'बिंज'साठी वेगळा शब्द घडवू नका. 'एका बैठकीत सहा भाग बघितले' पुरतं. जोर हवा असेल तर 'फडशा पाडला'.

साखर पेठ

आणि स्पॉयलर? 'रसभंग' म्हणावं का?

होटगी रोड

रसभंग कशानंही होतो. ऐन प्रवेशात लाइट गेली तरी रसभंग, शेजारी कुणी मोठ्यानं फोनवर बोललं तरी. 'विरजण पडलं' हे उत्साहावर, बेतावर. शेवट सांगून टाकणं याला 'फोडणं' म्हणा. पेपर फुटतो, बिंग फुटतं, तशी गोष्टही फुटते. 'शेवट फोडू नको' हे कुणालाही समजतं.

इशारा लिहायची पद्धत: आधी कुठपर्यंतचं बोलणार ते, मग रिकाम्या ओळी, मग मजकूर. 'पर्व २, भाग ४ पर्यंतचं. पुढं फोडलंय.' नुसतं 'सावधान' लिहून उपयोग नाही, वाचणाऱ्याला स्वतःचा भाग तपासता आला पाहिजे. आणि फोनवर सूचनेच्या पट्टीत पहिली ओळ दिसते, म्हणून मरणाऱ्याचं नाव पहिल्या ओळीत कधीच नको.

अशोक चौक

मैत्रीसाठी 'सूत जुळलं' वापरताय ना, त्याबद्दल. हा मागावरच्या माणसाला जवळचा शब्द. माग चालताना ताण्याचा एक धागा तुटला तर माग थांबवतात, तुटकी टोकं शोधतात, धागा फणीतून ओढून घेतात, गाठ मारतात, गाठीची शेपटं कापतात, मग परत चालू. तसंच चालू ठेवलं तर कापडात लांबीभर रिकामी रेघ पडते. चादरीत, टॉवेलमध्ये ती लगेच दिसते. सूत जुळणं म्हणजे एवढी बारीक जोडणी.

पण वापरात ते प्रेमाकडं झुकलंय. 'त्या दोघांचं सूत जुळलंय' म्हटलं की लग्नाचाच विचार येतो. नुसत्या दोस्तीला 'गट्टी जमली' किंवा 'मेतकूट जमलं'. मेतकुटात जरा हातमिळवणीची छटा आहे, दोघं मिळून काहीतरी शिजवतायत अशी. लांबून, लिहून झालेल्या मैत्रीला मला 'गट्टी'च बरी वाटते.

साखर पेठ

शेवटचं एक. 'बे'. आपल्याकडं 'काय बे' शिवाय वाक्य निघत नाही. बाहेरच्यांना ते टोचतं. लिहिताना गाळावं का?

विजापूर रोड

नागपूरच्या मित्राला ओळखीचं आहे, तिकडंही बे चालतं. पुण्याच्या नव्या ओळखीत गाळा. वडीलधाऱ्यांशी आणि ताईंशी तर आपणही लावत नाही. बोलताना बे मधली सलगी आवाजात असते, लिहिलं की फक्त अक्षर उरतं.

त्यापेक्षा 'की' जास्त कामाचा. 'सांग' हा हुकूम, 'सांग की' हा आग्रह. कुणी वैतागून दोन ओळी लिहिल्या आणि उत्तर म्हणून 'जाऊ दे बे' गेलं, तर समजूत घालायची इच्छा असूनही बोलणं तिथंच बंद पडतं. 'काय झालं, सांग की' गेलं तर तो पुढं लिहितो.