मिरचीचं श्रेय कोलंबसाला कशासाठी?

माळरान:
12 ऑक्टोबर, म्हणजे कोलंबस अमेरिकेत पोचला तो दिवस, आला की एक पोस्ट फिरायला लागते. यंदा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आली: 'कोलंबसाला शिव्या घालणाऱ्यांनी आधी ताटातली मिरची आणि बटाटा बाजूला काढावा. तो गेला नसता तर आपण आजही मिरी चावत बसलो असतो.' खाली अंगठ्यांची रांग. दोन ओळींत उत्तर मावेना, म्हणून इथे लिहितोय.

मिरची मेक्सिकोतल्या शेतकऱ्यांनी हजारो वर्षं बी निवडून निवडून घडवली. बटाट्याचंही तेच. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतातल्या टिटिकाका सरोवराच्या भागातले रानबटाटे कडू आणि विषारी. त्यातून तिथल्या लोकांनी खाण्याजोगे वाण काढले आणि कडू वाणही वाया घालवले नाहीत. रात्रीच्या हिमात पसरायचे, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढायचं, उन्हात खडखडीत वाळवायचे. हा 'चुन्यो' वर्षानुवर्षं टिकतो. यात कोलंबसाचं काय? तो अँडीजपर्यंत पोचलासुद्धा नव्हता.

बी जहाजातून आलं, कबूल. पण बी आणायला माणसं मारावी लागत नाहीत. हिस्पॅनिओला बेटावर, म्हणजे आजच्या हैती-डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये, सोन्याच्या भागातल्या 14 वर्षांवरच्या प्रत्येक ताइनोने (तिथल्या मूळ रहिवाशाने) दर तीन महिन्यांनी घुंगुरभर सोनं आणून द्यायचं, असा त्याचा हुकूम होता. 1495 मध्ये सुमारे 500 जणांना गुलाम म्हणून स्पेनला धाडलं. त्यातले 200 च्या आसपास वाटेतच मेले.

इतिहासवेडा:
पुन्हा तेच रडगाणं. पंधराव्या शतकातल्या माणसाला आजच्या फूटपट्टीने मोजायचं आणि वर आपण किती संवेदनशील म्हणून मिरवायचं. बहुतेक माणसं देवी-गोवराने गेली. रोगाला कुणी हुकूम दिला नव्हता.

आमच्या आजोबांनी रत्नागिरीकडच्या कातळावर काजू लावला. त्या काजूवर आम्ही भावंडं शिकलो. ते झाड ब्राझीलचं, आणलं पोर्तुगीजांनी. मी कोलंबसाची आरती करत नाही, पण जग जोडलं गेलं ते त्या सफरींमुळे, एवढं म्हणायला काय जातं?

सडेतोड:
काजूत कोलंबस कुठून आला? ब्राझीलला लागला तो कब्राल, 1500 मध्ये, हिंदुस्थानकडे येता येता. निदान माणसं तरी नीट सांगा.

माळरान:
@इतिहासवेडा, त्या काळाचीच फूटपट्टी घ्या. 1500 मध्ये स्पेनच्या राजाराणीनेच पाठवलेल्या बोबादियाने कोलंबसाला बेड्या घालून परत धाडलं. 1511 मध्ये त्याच बेटावरच्या सांतो दोमिंगोत माँतेसिनोस या पाद्र्याने वसाहतवाल्यांना भर चर्चमध्ये विचारलं, ही माणसं नाहीत का? म्हणजे चुकतंय हे तेव्हाही कळत होतं.

आणि देवीचं म्हणाल तर हिस्पॅनिओलावर ती साथ आली 1518 च्या अखेरीस. ताइनो 1508 मध्ये सुमारे 60 हजार उरले होते, 1514 मध्ये त्यांना मजूर म्हणून वसाहतवाल्यांत वाटलं तेव्हा सुमारे 26 हजार. हे सगळं देवीच्या आधीचं. खाणीत जुंपलेला माणूस शेत कधी करणार, आणि उपाशी माणूस तापापुढे किती टिकणार?

रानजाई:
मला कोलंबसापेक्षा आपल्या उपासाचं नवल वाटतं. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे, रताळं, मिरची, सगळं तिकडचं. तरी आपण म्हणतो पूर्वापार चालत आलंय.

गोदाकाठ:
झालं, गाडी हिंदूंच्या उपासावर आलीच! एकादशीला आमच्याकडे भगर आणि राजगिरा असतो. हे तरी आमचं आहे की तेही काढून घेणार?

रानजाई:
भगर आपलीच. पण राजगिऱ्याच्या दाण्याचे जे वाण आपण पिकवतो तेही मूळचे तिकडचेच. कामानिमित्त मेक्सिको सिटीत राहत होते, तेव्हा घराजवळच्या बाजारात एक बाई टोपलीत गोल वड्या घेऊन बसायची. फुलवलेला राजगिरा मधात घट्ट थापलेला, वर शेंगदाणे, मनुका, भोपळ्याच्या बिया. एक घास घेतला आणि थेट आईच्या हातचा लाडू आठवला. अझ्टेक लोक याच पिठाच्या देवमूर्ती करून सणाला वाटून खायचे. स्पॅनिश पाद्र्यांनी ते विधी बंद पाडले. आपल्याकडे मात्र तो दाणा देवाच्या दिवशीच खातात. यात अपमान कुठे दिसला तुम्हाला?

गोदाकाठ:
अपमान सुरात असतो. आमच्या घरी श्राद्धाच्या स्वयंपाकाला आजही मिरची चालत नाही, मिरीच लागते. टोमॅटो तर पणजीने उंबऱ्याच्या आत येऊ दिला नव्हता. नवं काय आणि जुनं काय हे घरच्या बायकांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी पारखून घेतलं, डोळे मिटून नाही. राजगिऱ्याचं ठीक आहे, ऐकून घेतलं. पण कर्नाटकातल्या सोमनाथपूरच्या 1258 च्या मंदिरात मूर्तींच्या हातात मक्याची कणसं आहेत, त्याचं काय?

सडेतोड:
कणसासारखं दिसतं म्हणून मका? ते मोत्यांनी मढवलेलं मुक्ताफळ आहे असं म्हणणारे अभ्यासकही आहेत. मका इथे पिकत होता तर त्या काळचे दाणे उत्खननात मिळायला हवेत. ते दाखवा, मग बोलू.

गोदाकाठ:
तुम्हाला दगडात कोरलेलं दिसत नाही, दाणे काय दिसणार!

इतिहासवेडा:
मूळ मुद्द्यावर या. 1514 चा आकडा मानला. कब्रालचंही मानलं. पण 1493 च्या दुसऱ्या सफरीत 17 जहाजं गेली, माणसं आणि जनावरं भरून. ताप तेव्हापासूनच पसरत होता. सगळं खाणींवर ढकलू नका. आणि मूळ रहिवासी म्हणजे नुसते बळी हेही खोटं. 1521 मध्ये अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान पडली ती शेजारच्या त्लाश्कालाचे योद्धे हजारोंनी स्पॅनिश सेनानी कोर्तेसच्या बाजूने लढले म्हणून. अझ्टेकांचा जाच त्यांनी सोसला होता.

माळरान:
त्लाश्कालाचं बरोबर आहे, माझ्या लिहिण्यात ते यायला हवं होतं. पण पुढे पोतोसीत, आजच्या बोलिव्हियात, काय झालं? 1545 मध्ये चांदी सापडली आणि 1573 पासून लांब लांबच्या गावांतले पुरुष पाळीपाळीने खाणीत सक्तीने आणले. त्या चांदीतली बरीच सुरतेला उतरून मुघलांच्या रुपयात गेली. आपल्या पदरात नुसती मिरची पडली नाही, ती चांदीही पडली. हे त्या पोस्टवाल्यांना सांगा.

इतिहासवेडा:
पोतोसीवर वेगळा धागा काढा, तिथे भांडू. आजोबांच्या काजूचं श्रेय मी पोर्तुगीजांना देणारच.

रानजाई:
आणि ब्राझीलच्या मूळ रहिवासी तुपींना? काजू आधी त्यांचा.

इतिहासवेडा:
त्यांनाही देतो. पण पोर्तुगीजांचं काढून नाही.