ऑफिसचा कॉम्प्युटर बोलत नाहीये (सोसायटी ग्रुप, सोमवार सकाळ)

फडके मॅडम बी-१०२: नमस्कार. सात तारीख उलटून गेली, मेंटेनन्सची बिलं कोणालाच आलेली नाहीत. मला सोसायटीचं ना-हरकत पत्र हवंय, शुक्रवारपासून मागतेय. समितीपैकी कोणी जागं आहे का?

काळे सर (अध्यक्ष): मॅडम, ऑफिसचा कॉम्प्युटर काल अपग्रेड केला आहे. थोडी गैरसोय होत आहे. कृपया सहकार्य करावे. 🙏🙏🙏🙏🙏

साठे ए-३०४ (खजिनदार): थोडी नाही, पूर्ण. मशीन सुरू होतंय, पंखा फिरतोय, पण माझा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, एक अक्षर बोलत नाही. तो बोलला नाही की माझ्यासमोर नुसती पेटी आहे. बिलं त्या पेटीत आहेत, मॅडमचं पत्रही.

घाटे सी-४०१: रीस्टार्ट करून बघा

निंबाळकर काका ए-१०१: अपग्रेडचा ठराव कोणत्या सभेत झाला? माझ्याकडे सर्व इतिवृत्तांच्या प्रती आहेत. सापडत नाही.

काळे सर (अध्यक्ष): काका, विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. सभासदांचे सगळे तपशील त्या मशीनवर आहेत. सभेची वाट बघायची का?

प्रणव बी-५०२: सर, वाढीव अपडेटची सोय होती, ऑक्टोबर २०२६ पर्यंत. घाई नव्हती. असो.

निंबाळकर काका ए-१०१: म्हणजे ठराव झाला नाही. नोंद घ्यावी.

कुलकर्णी काकू सी-१०१: शुभ सकाळ मंडळी 🌹🌹🌹🌹🌹🌹
(फोटो)

साठे ए-३०४ (खजिनदार): काकू, माझा फोन आत्ता सहा वेळा "गुलाब" म्हणाला आणि मग "फोटो". फोटोवर काय लिहिलंय ते मला कळत नाही. दोन शब्द टाईप केलेत तर माझीही सकाळ शुभ होईल.

कुलकर्णी काकू सी-१०१: अय्या, सॉरी हं. फोन बोलतो ना तुमचा, मग फोटो का नाही वाचत?

साठे ए-३०४ (खजिनदार): अक्षरं असली तर वाचतो. फोटोतली अक्षरं म्हणजे त्याच्यासाठी रंगाचे ठिपके. तेवढ्यासाठी वेगळी खटपट करावी लागते, आणि शुभ सकाळसाठी मी ती करत नाही.

घाटे सी-४०१: रीस्टार्ट केलं का?

साठे ए-३०४ (खजिनदार): केलं, घाटे. तुमच्या आधी केलं.

देसाई ए-२०२: साठेसाहेब, माझा भाचा आयटीत आहे. तो म्हणतो तुमच्याकडून इन्सर्ट आणि एस दाबलं गेलं असणार. त्याने आवाज बंद होतो म्हणे.

साठे ए-३०४ (खजिनदार): भाच्याला आशीर्वाद. माझ्या स्क्रीन रीडरमध्ये, म्हणजे एनव्हीडीएमध्ये, त्या जोडीने बोलण्याचे प्रकार बदलतात, त्यात गप्प राहणं आणि नुसते बीप हेही येतं. सगळ्यात आधी तेच तपासलं. ते नाही.

देसाई ए-२०२: मग जॉज घ्या, तो दुसरा स्क्रीन रीडर. भाचा म्हणतो ते जास्त चांगलं.

साठे ए-३०४ (खजिनदार): बँकेत असताना जॉजच वापरायचो. विकतचं आहे, आणि दर वर्षी हिशेबात तो खर्च दिसला की इथे काय होतं ते मी ऐकलंय. एनव्हीडीए फुकट आहे. ऑस्ट्रेलियात दोन अंध मुलांनी २००६ च्या सुमारास सुरू केलं, आज जगभर चालतं. त्यात खोट नाही. ऐका, मी आतापर्यंत काय केलं ते एकदाच लिहितो, म्हणजे तेच तेच विचारलं जाणार नाही.

कंट्रोल-ऑल्ट-एन दाबलं की एनव्हीडीए सुरू होतो. सुरू होताना बोलण्याआधी एक छोटी चढती धून वाजते. ती वाजली आणि बोलणं आलं नाही, तर बोलणाऱ्या आवाजात घोळ, म्हणजे सिंथेसायझर, अक्षरांचा आवाज करणारा भाग, बदलायचा. धूनच नाही, तर आवाज मधल्या वाटेत कुठेतरी अडलाय. माझ्याकडे धूनही नाही.

मग विंडोजचा स्वतःचा नॅरेटर लावून पाहिला. विंडोजची की, कंट्रोल आणि एंटर. तोही गप्प. दोन वेगळे वाचणारे एकदम मुके होत नसतात. म्हणजे अख्ख्या मशीनचा आवाज कुठेतरी भलतीकडे जातोय. इथून पुढे मला एक दिसणारा माणूस हवाय, पाच मिनिटं, स्क्रीन वाचायला.

काळे सर (अध्यक्ष): अपग्रेड करणाऱ्या एजन्सीने सूचना पाठवल्या आहेत. खाली देत आहे.
(फोटो)

साठे ए-३०४ (खजिनदार): काळे सर, फोटो.

काळे सर (अध्यक्ष): हो, स्क्रीनशॉट आहे. स्पष्ट आहे, झूम करून बघा.

मृण्मयी बी-५०२: 🤦‍♀️

प्रणव बी-५०२: मी वाचला. "सेटिंगमध्ये जाऊन डिस्प्लेचा आकार वाढवावा" असं लिहिलंय. कोणाला पाठवलंय हे त्यांनी?

फडके मॅडम बी-१०२: माझ्या पत्राचं काय?

जाधव बी-३०१: कॉम्प्युटरने मौनव्रत घेतलंय, मॅडम. समितीने पण घ्यावं 😂

निंबाळकर काका ए-१०१: विनोद बाजूला. ठरावाविना केलेला खर्च कोणाच्या खात्यावर?

काळे सर (अध्यक्ष): काका, सोबत नवा मॉनिटर आला, जुना अंधुक होता. सगळं सभेत मांडणार आहे. दर वेळी शंका घेऊ नये.

साठे ए-३०४ (खजिनदार): थांबा. मॉनिटर बदलला? हे मला आत्ता कळतंय. कोणत्या केबलने जोडलाय?

प्रणव बी-५०२: एचडीएमआय असणार. साठेकाका, सापडलं बहुतेक. त्या केबलमधून आवाजही जातो. विंडोजला वाटलं नवा स्पीकर आला, सगळा आवाज मॉनिटरकडे वळवला. मॉनिटरला स्पीकर नसेल तर बसा बोंबलत.

साठे ए-३०४ (खजिनदार): अगदी. काल रात्री हे माहीत असतं तर एवढं झालं नसतं. काल इथे कोणी फोन उचलला नाही म्हणून बी माय आइज ॲपवर व्हिडिओ कॉल लावला. दिसणारी माणसं त्यावर फुकट मदत करतात. एका अनोळखी माणसाने पासवर्डची स्क्रीन वाचून दिली, मग ऑफिसातलं नेट गेलं.

कुलकर्णी काकू सी-१०१: आम्ही बाहेर होतो हो काल.

देसाई ए-२०२: आम्हीसुद्धा.

मृण्मयी बी-५०२: काका, मी खाली जाते. पंधरा मिनिटं आहेत माझ्याकडे. फोन स्पीकरवर ठेवा.

घाटे सी-४०१: जाता जाता रीस्टार्ट करून बघ ग

जाधव बी-३०१: तोवर एक विचारतो. लिफ्टमधली बाई पण दोन महिने बोलत नाहीये. ती पण अपग्रेड झाली का?

कुलकर्णी काकू सी-१०१: ती मीच बंद करायला सांगितली. आमची बेडरूम लिफ्टला लागून आहे. रात्री दीड वाजता "तिसरा मजला, तिसरा मजला". माणसाने झोपायचं की नाही?

साठे ए-३०४ (खजिनदार): आणि मी रोज कोणत्या मजल्यावर उतरलो ते दारं चाचपून ठरवतो. मागच्या आठवड्यात देसाईंच्या कुलपाला किल्ली लावत होतो.

देसाई ए-२०२: ते तुम्ही होतात का! ही घाबरली होती हो.

काळे सर (अध्यक्ष): विषयांतर नको. लिफ्टचा विषय वेगळा आहे.

मृण्मयी बी-५०२: पोचले. काकांनी सांगितलं तसं विंडोज की आणि ए दाबलं. आवाजाच्या पट्टीशेजारच्या बाणात यादी आहे. खूण मॉनिटरच्या नावावर होती. स्पीकर खाली होता, तो निवडला.

मृण्मयी बी-५०२: नॅरेटर बोलला!! जोरात बोलला, वॉचमन दचकले

जाधव बी-३०१: 👏👏👏

काळे सर (अध्यक्ष): अभिनंदन. पाहा, किरकोळ गोष्ट होती. ग्रुपवर एवढा गोंधळ करायची गरज नव्हती.

साठे ए-३०४ (खजिनदार): सर, एनव्हीडीए अजून गप्प आहे. नॅरेटर बोलतोय, युट्यूब वाजतंय, एनव्हीडीएची धूनसुद्धा नाही.

प्रणव बी-५०२: एखादं ॲड-ऑन, वरून जोडलेला छोटा प्रोग्रॅम, नव्या विंडोजवर चालत नसेल.

साठे ए-३०४ (खजिनदार): असू शकतं. पण इन्सर्ट-क्यू दाबून ॲड-ऑन बंद ठेवून सुरू करता येतो, ते आत्ता केलं. तरी तसंच.

देसाई ए-२०२: भाचा म्हणतो जुनं विंडोज परत टाका, दहा दिवसांच्या आत जाता येतं.

साठे ए-३०४ (खजिनदार): येतं. पण कुठे अडलंय ते कळायच्या आत मागे कशाला जायचं? मृण्मयी, सेटिंगमध्ये सिस्टीम, मग साउंड, त्यात व्हॉल्यूम मिक्सर. प्रत्येक प्रोग्रॅमची वेगळी पट्टी असते. एनव्हीडीए सुरू ठेव, नाहीतर यादीत दिसणार नाही. नाव सापडलं की पट्टीवर काय आहे ते वाच.

मृण्मयी बी-५०२: काका. एनव्हीडीएच्या स्पीकरवर फुली आहे. म्यूट. बाकी सगळे १०० वर.

मृण्मयी बी-५०२: काढली फुली

मृण्मयी बी-५०२: बोलायला लागला!!! केवढा फास्ट बोलतो, मला एक शब्द कळला नाही

साठे ए-३०४ (खजिनदार): मला कळला. धन्यवाद, बाळा. फडके मॅडम, पत्राला बसलो.

फडके मॅडम बी-१०२: आभारी आहे. बिलं?

साठे ए-३०४ (खजिनदार): संध्याकाळपर्यंत.

घाटे सी-४०१: शेवटी रीस्टार्टच करावं लागलं ना?

प्रणव बी-५०२: नाही 😄

प्रणव बी-५०२: पण एक कळत नाही. अपग्रेडमुळे आवाज भलत्या स्पीकरला जाणं समजू शकतो. नेमक्या एकाच प्रोग्रॅमवर फुली कशी पडेल? मिक्सर उघडून हाताने टाकल्याशिवाय?

मृण्मयी बी-५०२: वॉचमनकाका म्हणाले एजन्सीचा माणूस काम करत होता तेव्हा कॉम्प्युटर सारखा बडबडत होता. कोणीतरी म्हणालं आधी हे बंद करा.

निंबाळकर काका ए-१०१: कोणीतरी म्हणजे कोण? त्या वेळी ऑफिसात कोण उपस्थित होते?

काळे सर (अध्यक्ष): विषय तांत्रिक होता, तो संपला आहे. कृपया इथे थांबावे. 🙏

कुलकर्णी काकू सी-१०१: मी मात्र खरं बोलते हं, साठेसाहेब, तो आवाज जरा कर्कश आहेच. ऑफिसच्या खिडकीतून येतो. भांडल्यासारखा.

साठे ए-३०४ (खजिनदार): आहे, काकू. मराठी वाचतानाचा त्याचा आवाज मलाही गोड वाटत नाही. पण वेग वाढवला तरी तो आवाज फुटत नाही, शंभर ओळींचं खातं झटक्यात होतं. खिडकी लावून घेत जाईन. बंद करायचं असेल तर मला सांगून करा, चालू कसं करायचं ते मला न बघता माहीत असलं पाहिजे.

साठे ए-३०४ (खजिनदार): आणि काळे सर, पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत दोन विषय घ्या. ऑफिसच्या मशीनला हात लावण्याआधी खजिनदाराला कळवणे. लिफ्टची घोषणा दिवसा चालू, रात्री हळू.

निंबाळकर काका ए-१०१: दोन्हींना माझे अनुमोदन. नोटीस मुदतीत काढावी, नाहीतर तोही ठराव रद्दबातल.

कुलकर्णी काकू सी-१०१: रात्री हळू म्हणजे किती हळू ते आधी ठरवा.

मृण्मयी बी-५०२: काका, लिफ्टचा मिक्सर कुठे असतो?

साठे ए-३०४ (खजिनदार): मशीनरूममध्ये. किल्ली काळे सरांकडे.