‘यंत्राला कळते’ असे लिहावे का?

पैलतीर : कृत्रिम बुद्धिमत्तेच्या भाषा-मॉडेलविषयीच्या एका माहितीपुस्तिकेच्या भाषांतरात ‘द मॉडेल अंडरस्टँड्स युअर क्वेश्चन’ या वाक्यापाशी मी अडले आहे. मी ‘प्रारूपाला तुमचा प्रश्न कळतो’ असे लिहिले होते. संपादकांनी ते ‘प्रारूप तुमच्या प्रश्नाचे आकलन करते’ असे बदलले. आपण ‘मी शोधतो’, ‘मी मोजतो’ म्हणतो, पण ‘मला कळते’, ‘मला उमगते’ असेच म्हणतो, म्हणजे कळणे हे करण्यापेक्षा होण्याच्या जातीचे आहे. पुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे आकडेमोडीने ठरवणाऱ्या अशा प्रणालीला तसे काही होते का?

अक्षरवेल : ‘आकलन’ आणि ‘कळणे’ दोन्ही ‘कल्’ धातूचीच, त्यामुळे संपादकांनी केवळ तत्सम रूप घेतले. आपण ‘मोबाइलला रेंज मिळते’ म्हणतोच. ‘ला’ लागल्याने वस्तू सजीव होत नाही. आणि ‘प्रारूप’ कशासाठी? ‘मॉडेल’ सर्वांना समजते.

सांजवारा : ‘मिळणे’ आणि ‘कळणे’ यांना एका पंक्तीला बसवू नका. माझी आजी ज्वारीच्या पिठात गरम पाणी घालून ते चार वेळा मळायची आणि भाकरी थापण्याआधीच सांगायची, ‘याची विरी गेली आहे, कडा फाटणार.’ जुन्या पिठाची विरी जाते, हे कोणतेही मॉडेल सांगेल, कारण ते कुणीतरी लिहून ठेवलेले आहे; पण समोरच्या परातीतल्या पिठाची गेली आहे की नाही, हे आजीच्या हाताला कळायचे. तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी 1980 साली चिनी खोलीचा दाखला दिला तो याचसाठी : खोलीत बसून नुसती नियमावली पाहून चिनी उत्तरे देणाऱ्याला चिनी येत असतेच असे नाही.

अक्षरवेल : आपणच ‘हाताला कळायचे’ असे लिहिलेत. हाताला कळू शकते, तर यंत्राला का नाही?

सांजवारा : कारण तो हात आजीचा होता. तिच्याशिवाय नुसत्या हाताला काहीच कळले नसते.

पैलतीर : मग ‘मॉडेल तुमच्या प्रश्नाचा अर्थ लावते’ कसे वाटते? अर्थ चुकीचाही लावता येतो. चुकीचे ‘कळत’ मात्र नाही.

माळरान : ‘अर्थ लावणे’ला माझी हरकत आहे, कारण अर्थ लावायलाही कुणीतरी असावे लागते. पण ‘विरी’ हा शब्द मी पहिल्यांदाच वाचला. आमच्या घरी ‘पिठाला चिकटपणा राहिला नाही’ एवढेच म्हणत. हा शब्द ‘वीर्य’वरून, म्हणजे पिठाचा जोर या अर्थाने आला असावा का?

सांजवारा : मला तो ‘विरणे’शी जोडावासा वाटतो. बाजरीच्या पिठालाही कुणी ‘विरी’ म्हणते का, हे सांगा.