मदत हवी आहे : मुलगा प्रत्येक कामाचे पैसे मागतोय

खिचडी
कामाचे पैसे दिले की मुलांना कष्टाची किंमत कळते, असं ऐकून जूनमध्ये सुरू केलं. फ्रीजवर कागद लावला : बाटल्या भरणे २ रुपये, कपड्यांच्या घड्या ५, केर ५, ओटा पुसणे ३. पंधरा दिवस घर लखलखीत. काल मला ताप होता, पाणी आण म्हटलं तर म्हणतो, "किती देणार?" सरळ बंद करू की दर कमी करू? लवकर सांगा, उद्या रविवार, हिशोबाचा दिवस. लेक्चर नको.

दादरकर
वय किती, मुलं किती, खाऊचे पैसे वेगळे देता का? पत्रिका न दाखवता मुहूर्त विचारताय.

खिचडी
मुलगा ११, मुलगी ७. वेगळं काही देत नाही. त्याला गियरची सायकल हवीये.

पाटावरवंटा
डिशवॉशर घ्या. आमच्याकडे घेतल्यापासून भांडणंच नाहीत.

खिचडी
भांडी यादीत नाहीयेत हो.

मिरजकर मास्तर
आमच्या स्काउटमध्ये 'खरी कमाई' असायची. शेजारीपाजारी जाऊन सायकली पुसायच्या, गहू निवडायचे, कार्डावर सही आणि चार आणे घ्यायचे. स्वतःच्या घरचं काम धरत नसत, आणि पैसे पथकाच्या निधीत जात. कर्मवीर भाऊरावांनी 'कमवा व शिका' म्हणत साताऱ्यात पोरं घडवली. तुमचं चुकलेलं नाही, चालू ठेवा.

बिनधास्त
मास्तर, ती पोरं शिकायला पैसे नव्हते म्हणून राबत होती. इथे गियरच्या सायकलचा प्रश्न आहे. आणि घरचं काम धरत नसत, हे तुम्हीच लिहिलंय!

अनाहूत
१९७३ चा लेपर, ग्रीन, निस्बेट यांचा प्रयोग बघा. चित्रं काढायची आवड असलेली बालवाडीतली मुलं. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर बक्षीस. पुढे मोकळ्या वेळात त्यांचंच चित्र काढणं कमी झालं. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं, त्यांचं नाही. पैसे आजच बंद करा.

दादरकर
चित्रं मुलं आवडीने काढतात. केर कोण आवडीने काढतं? मुळात नसलेली आवड कमी कशी होणार?

अनाहूत
मुद्दा बरोबर. पण "किती देणार?" कुठून आलं मग?

स्टुटगार्टी
इथे जर्मनीत नागरी कायद्याच्या १६१९ व्या कलमातच आहे, की आईवडिलांकडे राहणाऱ्या मुलाने आपल्या ताकदीप्रमाणे घरकामात हातभार लावायचा. लेकीला छापून दाखवलं. म्हणाली, "नाही केलं तर पोलीस येणार का?" खाऊचे पैसे आठवड्याला देतो, कामाशी संबंध ठेवत नाही.

कोथिंबीर
खिचडी, धाकटी काय करते? आणि बाबा? ते ओटा पुसायचे किती घेतात?

खिचडी
ह्यांचा इथे काय संबंध?

कोथिंबीर
पोरं बघत असतात. एवढाच संबंध.

खिचडी
अरे देवा. आत्ता धाकटीला विचारलं. घड्या तीच घालते! दादा तिला १ रुपया देतो, ४ स्वतः ठेवतो. जूनपासून.

बिनधास्त
कष्ट राहू द्या, कंत्राटदारी शिकला. (हलके घ्या.)

कोथिंबीर
कागद काढा. आपलं अंथरूण, ताट, बाटल्या, घड्या याला पैसे नाहीत, दोघांनाही नाहीत. जे काम एरवी बाहेरच्याला पैसे देऊन करून घेता, तेवढ्याचेच द्या, पंखे पुसणं वगैरे. रद्दी त्याने बांधून, वजन करून द्यावी, आलेले पैसे दोघांत निम्मे. आणि १० वर्षं पूर्ण आहेत ना? मग पोस्टात त्याच्या नावाने खातं उघडा, ते त्याला स्वतः चालवता येतं. सायकल होईल तेव्हा होईल.

मिरजकर मास्तर
पोस्टात खातं, उत्तम. आमच्या शाळेत संचयिका होती. दर शनिवारी...

खिचडी
कागद काढला. पोरगा म्हणतो, "ठीक आहे, पण मागचे ३५ बाकी आहेत."

दादरकर
द्या. बोलीचे आहेत. त्यातले घड्यांचे धाकटीला, त्याच्यासमोर.

खिचडी
दिले. तिने लगेच त्याला २ रुपये परत दिले. सायकलवर पुढे बसायला मिळावं म्हणून.

रानमेवा
पाटावरवंटा, पिठल्याची कढई निघते का हो त्यात?